न रुजलेला जंतू

शाळेच्या सहलीबरोबर मी पहिल्यांदा आनंदवनात गेलो, तेव्हा निघताना आजीनं बजावलं होतं, की तिथल्या कशालाही हात लावायचा नाही आणि पाणी तर मुळीच प्यायचं नाही. वरोऱ्याजवळच्या त्या माळावर आम्ही हिरवी शेतं पाहिली, आखूड झालेल्या बोटांनी काम करणारी माणसं पाहिली. घसा कोरडा पडला, तरी मी पाण्याच्या माठाकडे फिरकलो नाही. पुढे बाबा आमटे यांचं चरित्र वाचलं आणि त्या न प्यायलेल्या पाण्याची लाज वाटली. कारण जी भीती मला आजीकडून मिळाली होती, तीच एकदा बाबांनाही वाटली होती.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला, एका सधन जमीनदार घराण्यात झाला. मोटारीचा षोक, शिकारीचा नाद, सिनेमाचं वेड असं त्यांचं तरुणपण गेलं. वकील होऊन ते वरोऱ्यात स्थिरावले. पण अशिलांच्या पैशात मन रमेना. नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना भंगी बांधवांचं दुःख कळावं म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. १९४६ साली साधनाताई त्यांच्या आयुष्यात आल्या.

अशाच एका पावसाळी रात्री गटाराकडेला पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. महारोगानं त्याची दशा अशी झाली होती, की कशालाही न भिणारा हा माणूस घाबरून घरी पळाला. पण ते पळणं त्यांना झोपू देईना. ते परत गेले, तुळशीरामला आडोसा करून दिला आणि त्याच्या अखेरच्या क्षणापर्यंत त्याची शुश्रूषा केली. भीती असेल तिथं प्रेम असू शकत नाही, ही गोष्ट त्यांनी पुस्तकातून नव्हे, या एका माणसाच्या उशाशी बसून शिकली.

नुसती करुणा पुरणार नव्हती. रोग समजून घ्यायला हवा होता. १९४९ मध्ये त्यांनी वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्याच सुमारास कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला होता. पण तो प्रयोगशाळेत वाढत नव्हता, त्यामुळे औषधं पारखायची कशावर हा प्रश्न होता. बाबांनी त्यासाठी स्वतःचं शरीर पुढे केलं. त्यांना जंतू टोचण्यात आले. रोग झालाच नाही! प्रयोग फसला, असंच सर्वांना वाटलं.

मला मात्र या फसलेल्या प्रयोगातच या रोगाचं मर्म दिसतं. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांच्या अंगी या जंतूला पुरून उरणारी प्रतिकारशक्ती उपजतच असते. उरलेल्यांत रोगाचं रूप जंतूपेक्षा शरीरच अधिक ठरवतं. प्रतिकार जोमदार असेल, तर एखाददुसरा बधिर चट्टा उमटतो. तो दुबळा असेल, तर जंतू अंगभर पसरतात. आणि बोटांचं काय? रोगानं बोटं झडत नाहीत. जंतू मज्जातंतूंत दडतो, त्याला हुसकावताना शरीर जो दाह उत्पन्न करतं, त्यात मज्जातंतूच होरपळतो. मग चटका कळत नाही, काटा कळत नाही आणि दुर्लक्षित जखमांनी बोटं आखूड होतात. शत्रूला हाकलायला पेटवलेल्या आगीत आपलंच घर जळावं, तसा हा प्रकार.

म्हणून निदान वेळेवर व्हायला हवं. फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा आणि जाड झालेला मज्जातंतू या त्याच्या मुख्य खुणा. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचारानं सहा महिन्यांत वा वर्षभरात रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही चट्टे अचानक लाल होऊन सुजले, हात दुखून दुबळा वाटू लागला, तर तो पुन्हा दाहाचाच झटका. तेव्हा दवाखान्यात तातडीनं जावं. दाहशामक औषधं वेळेत मिळाली, तर हात वाचतो.

बाबांनी १९५१ मध्ये पन्नास एकर खडकाळ जमिनीवर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन आनंदवन उभं केलं. उद्घाटन विनोबांनी केलं. बऱ्या झालेल्यांना भिक्षा नको, काम हवं, हे त्यांचं सूत्र. १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा इथं माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तो भाग आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९८५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मणक्याच्या व्याधीनं बसणं अशक्य झालं, तरी बाबा थांबले नाहीत. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते गेले आणि आनंदवनाच्याच मातीत विसावले.

देशात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण आढळतात. चंद्रपूर-गडचिरोलीतही ते आहेत. त्यांतले कित्येक जण चट्टा सदऱ्याखाली झाकून ठेवतात, तो रोगाला भिऊन नव्हे, तर आपल्याला भिऊन. मी पुन्हा आनंदवनात गेलो, तेव्हा आधी माठाकडे गेलो आणि पोटभर पाणी प्यायलो.