डीन फॅरार यांची सार्वकालिक आशा

संडे स्कूलमध्ये श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा धडा निघाला की वर्गातले एखादे मूल हमखास विचारते, नरक म्हणजे काय? तेथे खरोखरीची आग असते काय? आणि मग हळूच तिसरा प्रश्न येतो. माझ्या पणजोबांनी प्रभूचे नाव कधी ऐकलेच नव्हते, तर ते आता कोठे असतील? पहिल्या दोन प्रश्नांना शिक्षक कसेबसे उत्तर देतात. तिसऱ्यापाशी मात्र ते अडखळतात. आपल्या मंडळ्यांतील किती तरी घराण्यांत चार पिढ्या मागे गेले की ख्रिस्ती नसलेले वाडवडील भेटतात. म्हणून हा प्रश्न आपल्याला केवळ पुस्तकातला नाही, तो घरातला आहे.

याच प्रश्नांनी १८७७-७८ साली इंग्लंडातील मंडळी ढवळून निघाली होती. त्या वादाच्या मध्यभागी जे पाळक उभे होते त्यांचा जन्म आपल्या मुंबईतला. त्यांच्या जीवनाची ओळख वाचकांना उपयोगी पडेल असे वाटते.

जन्म व शिक्षण

फ्रेडरिक विल्यम फॅरार यांचा जन्म ७ ऑगस्ट १८३१ रोजी मुंबईच्या कोट भागात झाला. त्यांचे वडील रेव्ह. चार्ल्स पिनहॉर्न फॅरार हे चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. सोसायटीने १८३२ साली नाशिकास कामाचा आरंभ केला, तेव्हाच्या पहिल्या मिशनऱ्यांत त्यांची गणना होते. फ्रेडरिक तीन वर्षांचा झाला तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याला इंग्लंडला नातलगांकडे पाठवण्यात आले. पुढे आइल ऑफ मॅन या बेटावरील किंग विल्यम्स कॉलेज नावाच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले.

तेथून ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात आले. तेथे त्यांना फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे गुरू लाभले. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकून त्यांनी पदवी मिळवली व १८५४ साली डीकनपदाची दीक्षा घेतली.

ते केंब्रिजला असतानाच, १८५३ साली, एक घटना घडली. प्राध्यापक मॉरिस यांनी आपल्या ईश्वरविज्ञानावरील निबंधांच्या पुस्तकात सार्वकालिक या शब्दाचा विचार मांडला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात देवाला व त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे यालाच सार्वकालिक जीवन म्हटले आहे. तेव्हा सार्वकालिक हा शब्द वर्षांची लांबी मोजण्यासाठी नाही. देवाशी असलेला संबंध त्यातून कळतो, असे त्यांचे म्हणणे होते. मग सार्वकालिक शिक्षा म्हणजे देवाला अंतरणे होय. कॉलेजच्या चालकांना हे मत घातक वाटले आणि मॉरिस यांना प्राध्यापकपदावरून दूर करण्यात आले. एका शब्दाच्या अर्थावरून आपल्या गुरूची प्राध्यापकी गेली, हे तरुण फॅरार यांनी पाहिले. ते पुढे विसरले नाहीत.

शिक्षक व लेखक

फॅरार यांच्या आयुष्याची सुमारे बावीस वर्षे शाळामास्तरकीत गेली. प्रथम मार्लबरो, मग हॅरो येथे १८५५ पासून पंधरा वर्षे, आणि १८७१ ते १८७६ पर्यंत पुन्हा मार्लबरो येथे मुख्याध्यापक. १८५८ साली त्यांनी 'एरिक' ही मुलांसाठी कादंबरी लिहिली. एक चांगला मुलगा लहानसहान वाईट गोष्टींना वश होत पायरी पायरीने कसा घसरतो, याची ती कथा आहे. आज ती फार रडवी वाटते. परंतु त्या काळी ती घरोघर वाचली गेली. पाप हे एकदम येत नाही व त्याचे फळ चुकत नाही, हे त्यांनी मुलांना कळकळीने सांगितले. पुढे नरकाविषयी ते जे बोलले ते समजून घेताना हे पुस्तक ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यांचे सर्वच विचार मोठ्या मनाचे होते असे नाही. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी जगातील लोकांची वंशांप्रमाणे उच्चनीच श्रेणी लावली. देवाच्या दयेला सीमा घालू नका असे सांगणाऱ्या मनुष्याने मानवजातींना मात्र सीमा घातल्या, ही गोष्ट खेदाची आहे व ती झाकण्याचे कारण नाही.

१८७४ साली त्यांचे 'ख्रिस्ताचे चरित्र' बाहेर पडले. त्यासाठी त्यांनी पवित्र भूमीचा प्रवास केला होता. एका वर्षात त्याच्या बारा आवृत्त्या निघाल्या आणि फॅरार हे नाव इंग्रजी वाचणाऱ्या ख्रिस्ती घरांत सर्वांना परिचयाचे झाले. १८७६ साली त्यांची वेस्टमिन्स्टर ॲबेच्या कॅननपदी व शेजारच्या सेंट मार्गारेट मंदिराच्या रेक्टरपदी नेमणूक झाली. त्यांचे प्रवचन ऐकायला मोठा समुदाय लोटू लागला.

ती पाच प्रवचने

१८७७ च्या अखेरीस त्यांनी ॲबेमध्ये मरणोत्तर जीवनाविषयी प्रवचने केली. त्यांपैकी एकाचा विषय होता, नरक म्हणजे काय नव्हे. तारण पावणारे थोडेच आहेत काय, हा दुसऱ्या एका प्रवचनाचा विषय होता. प्रवचनांचे तुटक वृत्तान्त बाहेर पसरून गैरसमज होऊ लागले, तेव्हा १८७८ साली त्यांनी ती 'सार्वकालिक आशा' या नावाने छापली.

त्या काळच्या व्यासपीठांवरून नरकाची जी चित्रे रंगवली जात ती भयंकर होती. देहाला जाळणारी खरी आग, तिला कधी अंत नाही, बहुतेक मानवजात तिच्यातच जाणार, आणि मरणाच्या क्षणी पापात असलेल्या प्रत्येकाचा निकाल तेथल्या तेथे कायमचा लागणार. या चार गोष्टी पवित्र शास्त्राने शिकवलेल्या नसून मनुष्यांनी त्याला जोडलेल्या आहेत, असे फॅरार यांनी उघड सांगितले.

त्यांचा मुख्य मुद्दा भाषांतराचा होता. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तीन निरनिराळ्या मूळ शब्दांसाठी एकच शब्द, नरक, घातलेला होता. पहिला शब्द इब्री 'शिओल' व त्याचा ग्रीक जोडीदार 'हेडीस'. याचा अर्थ मेलेल्यांचे ठिकाण. जुन्या करारात शिओल ६५ वेळा येतो; त्या भाषांतरात ३१ वेळा त्याला नरक म्हटले, ३१ वेळा कबर आणि ३ वेळा गर्ता. दुसरा शब्द 'गेहेन्ना'. हे यरुशलेमेजवळचे हिन्नोमाचे खोरे. तेथे आहाज व मनश्शे या राजांच्या काळी मुलांचे होम झाले, म्हणून योशीयाने ते स्थान भ्रष्ट केले. नव्या करारात हा शब्द १२ वेळा आहे व त्यांपैकी ११ वेळा तो प्रभूच्याच मुखी आहे. तिसरा 'टार्टारस', तो पेत्राच्या दुसऱ्या पत्रात एकदाच आढळतो.

येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. आपल्या पवित्र शास्त्रात शिओल व हेडीस यांना अधोलोक आणि गेहेन्नाला नरक असे वेगळे शब्द योजलेले आहेत. लूक १६ मध्ये श्रीमंत मनुष्य ज्या ठिकाणी यातना भोगतो त्याला आपण अधोलोक म्हणतो. म्हणजे ज्या भेदासाठी फॅरार भांडत होते तो आपल्या हातातील पुस्तकात आधीच आहे. धडा शिकवताना मात्र आपण दोन्ही शब्द एकच समजून चालतो.

इंग्रजी भाषांतर सुधारण्याचे काम तेव्हा चालूच होते. १८८१ साली नवा करार व १८८५ साली जुना करार सुधारून निघाला, त्यात हेडीस व शिओल हे शब्द पुष्कळ ठिकाणी तसेच ठेवण्यात आले.

मग फॅरार यांचा विश्वास काय होता? सर्व जण खात्रीने तारले जातील असे ते म्हणत नसत; तसे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. दुष्टांचा शेवटी समूळ नाश होतो, हेही मत त्यांनी स्वीकारले नाही. रोमन मंडळीची शुद्धिस्थानाची शिकवणही त्यांना मान्य नव्हती. पापाची शिक्षा खरी आहे, ती येथेच सुरू होते व पुढेही चालते, आणि देवापासून दुरावलेल्या मनाची स्थिती हाच नरक होय, असे त्यांना वाटे. त्या पाच प्रवचनांतले शेवटचे पापाच्या परिणामांविषयीच होते. मात्र देवाची दया कबरेच्या काठाशी संपते असे म्हणण्यास त्यांचे मन तयार नव्हते. ज्यांनी सुवार्ता ऐकली नाही, किंवा वाईट परिस्थितीत जन्मून जे धडपडत राहिले, त्यांचा न्याय ज्याच्या हाती आहे तो पिता आहे, हाच त्यांच्या आशेचा पाया.

विरोध व उत्तर

विरोध मोठा झाला. देशभरच्या व्यासपीठांवरून त्यांना उत्तरे देण्यात आली. शिक्षेची भीती गेली तर लोक पाप करायला मोकळे होतील, ही एक तक्रार. दुसरी तक्रार अधिक वजनदार होती. मत्तयाच्या २५ व्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात शिक्षा व जीवन या दोहोंना एकच सार्वकालिक शब्द लावला आहे. शिक्षेला अंत मानला तर जीवनालाही मानावा लागेल. ऑगस्टीननेही हाच युक्तिवाद केला होता. फॅरार यांचे उत्तर असे की त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ युगासंबंधीचा असा आहे. आणि आपल्या जीवनाची शाश्वती त्या एका शब्दावर टांगलेली नसून जिवंत ख्रिस्तावर आहे. हे उत्तर सर्वांना पटले नाही, आजही सर्वांना पटत नाही.

सर्वांत विद्वान उत्तर दिले ते ऑक्सफर्डचे इब्री भाषेचे प्राध्यापक एडवर्ड प्यूसी यांनी. १८६४ साली एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला होता की दुष्टांनाही शेवटी क्षमा मिळेल अशी आशा बाळगणे इंग्लंडच्या मंडळीच्या कलमांविरुद्ध नाही. तेव्हा सुमारे ११,००० पाळकांनी निषेधपत्रकावर सह्या केल्या, आणि त्या चळवळीत प्यूसी पुढे होते. १८८० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी फॅरार यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिले. देवाला शेवटपर्यंत नाकारणाऱ्याची शिक्षा अनंत आहे, या मतावर ते ठाम राहिले. पण त्याच पुस्तकात त्यांनी मान्य केले की बहुतेक माणसे नाश पावतील असे मानणे विश्वासाचा भाग नाही. आग देहाला जाळणारीच आहे असे मानणेही आवश्यक नाही. आणि मरणाच्या अखेरच्या क्षणी आत्मा व देव यांच्यात काय घडते हे आपल्याला ठाऊक नाही.

हे वाचून फॅरार यांनी विजयाचा डंका वाजवला नाही. १८८१ साली त्यांनी 'दया व न्याय' हे पुस्तक लिहिले. दोघांत पत्रव्यवहार झाला. मृत्यूनंतर नवी परीक्षा असते असे म्हणण्याऐवजी, ज्यांच्यातून देवाची कृपा पूर्ण विझलेली नाही त्यांचे शुद्धीकरण होते असे म्हणणे फॅरार यांनी पत्करले, आणि वृद्ध प्यूसींना त्यामुळे समाधान वाटले. मतभेद मिटला नाही, पण एकमेकांचे खरे म्हणणे काय ते दोघांना कळले. १८८२ साली प्यूसी वारले.

अखेरची वर्षे

त्याच वर्षी चार्ल्स डार्विन यांचा वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत फॅरार होते. १८८३ साली ते आर्चडीकन झाले. मद्यपानबंदीसाठी त्यांनी पुष्कळ श्रम घेतले. बिशपपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. नरकावरील ती प्रवचनेच आड आली असे अनेकांचे मत आहे. १८९५ साली त्यांना कँटरबरीचे डीन नेमण्यात आले. शेवटच्या वर्षांत स्नायूंच्या आजाराने लिहिता हात निकामी झाला. २२ मार्च १९०३ रोजी ते प्रभूकडे गेले. दुसऱ्या महायुद्धातील सेनापती मॉन्टगोमेरी हे त्यांच्या कन्येचे चिरंजीव.

वाद त्यांच्याबरोबर संपला नाही. १९८८ साली जॉन स्टॉट यांच्यासारख्या शास्त्रनिष्ठ उपदेशकानेही, दुष्टांचा शेवट अनंत यातनेऐवजी नाशात होतो काय, याचा विचार व्हावा असे नम्रपणे सुचवले, आणि त्यांच्याच बाजूच्या पुष्कळांनी ते अमान्य केले. आपल्या मंडळ्यांतही या विषयी एकमत असेल असे नाही.

तरी वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला फॅरार यांच्या जीवनातून दोन गोष्टी घेता येतील. मुलांपुढे पाप लहान करून सांगू नये. 'एरिक' लिहिणाऱ्याने तसे कधीच केले नाही. आणि शास्त्रात जितके लिहिले आहे त्यापलीकडची चित्रे आपल्या पदरची घालून मुलांना भेडसावू नये. राहिला पणजोबांचा प्रश्न. त्या मुलाला सांगावे की मला ठाऊक नाही, पण ज्याच्या हाती त्यांचा न्याय आहे तो तुझ्या पणजोबांना तुझ्या-माझ्यापेक्षा अधिक ओळखतो, आणि त्याच्या पुत्राच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत. इतके सांगून मुलाबरोबर प्रार्थना करावी.