विश्लेषण : पुण्याचा शिवपुतळा घडवणाऱ्या करमरकरांनी गावाकडे सिमेंटमध्ये माणसं का घडवली?

पुण्यात शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील अश्वारूढ शिवपुतळा ठाऊक नाही, असा पुणेकर विरळा. तो घडवणारे विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत.

कोण होते करमरकर?

जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवणे गावातला. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज रंगवले होते. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला ते चित्र पडलं आणि त्यांनी मुलाच्या मुंबईतील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षणाची वाट मोकळी केली, असं सांगितलं जातं. पुढे कलकत्त्यात काम, मग लंडनमध्ये शिक्षण.

शिवपुतळ्यावरून वाद कसला होता?

पुतळ्याची कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. नोव्हेंबर १९२१ मध्ये पायाभरणी झाली ती प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. त्याच दौऱ्यावर काँग्रेसने बहिष्कार टाकला होता. शिवाजी महाराज नेमके कुणाचे, हा प्रश्न तेव्हाही पेटलेला होता. टिळकांच्या उत्सवातले महाराज वेगळे, फुल्यांच्या पोवाड्यातले वेगळे. पुण्यात, तेही कोल्हापूरच्या पुढाकाराने पुतळा उभा राहणं म्हणजे बहुजन समाजाने आपला हक्क जाहीरपणे सांगणंच होतं. शाहू महाराजांना तो पाहता आला नाही. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं. राजाराम महाराजांनी काम तडीस नेलं.

ओतकाम इतकं अवघड का?

मोठे पुतळे सहसा तुकड्यांत ओतून जोडतात. करमरकरांनी हा साडेतेरा फूट उंचीचा, सुमारे आठ टनांचा पुतळा मुंबईत माझगावला एकसंध ओतून घेतला. एवढ्या मोठ्या साच्यात ब्राँझचा रस गोठण्याआधी सगळीकडे पोहोचावा लागतो, आतली हवाही बाहेर पडावी लागते. एक चूक, आणि सगळी मेहनत भंगारात. घाटातल्या बोगद्यांतून तो रेल्वेने पुण्याला कसा नेला, याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. जून १९२८ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं अनावरण केलं.

मग सासवण्यात काय आहे?

राजेरजवाड्यांची आणि पुढाऱ्यांची कामं करमरकर करत राहिले, कारण पैसे तिथेच होते. सासवण्याच्या घरी मात्र त्यांनी कुणी न मागितलेली शिल्पं केली : आसपासची माणसं, कोळी स्त्रिया, अंगणातली म्हैस. ब्राँझ महाग, म्हणून साधं सिमेंट. त्या काळी पुतळा व्हायचा तो सत्ता किंवा पैसा असलेल्यांचा. इथे मासळी विकणाऱ्या समाजाला तो मान मिळाला, तोही त्यांच्याच गावात. करमरकरांचं खरं मोठेपण पुण्याइतकंच, कदाचित थोडं जास्तच, या अंगणात दिसतं.

पद्मश्री मिळालेल्या या शिल्पकाराचं १९६७ मध्ये निधन झालं. सासवण्याचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे.