न नोंदलेले श्रम

चित्रांच्या किमती अलीकडे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागल्या आहेत. २०१५ च्या डिसेंबरात वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र मुंबईतील लिलावात २९ कोटी रुपयांच्याही वर गेले. ज्या वातावरणात असे चित्रकार घडले ते निर्माण करणाऱ्या शिक्षकाच्या श्रमांची नोंद मात्र कोणत्याच खतावणीत होत नाही. शंकर बळवंत पळशीकर हे अशाच एका शिक्षकाचे नाव होय.

त्यांचा जन्म १९१७ साली साकोली येथे झाला. तो मुलूख तेव्हा मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होता. तलावांच्या पाण्यावर धान पिकवणारा आणि जंगलाने वेढलेला हा प्रदेश. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा साकोली भंडाऱ्यातच राहिली. परंतु तिच्या जुन्या तहसिलीतील नवेगावबांधचा परिसर गोंदियाकडे गेला. पळशीकर नेमके कोणाचे, असा वाद त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांना घालता आला असता. तो कोणी हिरिरीने घातल्याचे दिसत नाही, हेच पुरेसे बोलके आहे.

मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात ते शिकले. १८५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत त्या काळी दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. संचालक चार्ल्स जेरार्ड यांच्यामुळे युरोपातील आधुनिक कलेची खिडकी उघडली होती, तर जगन्नाथ अहिवासी यांच्या वर्गात लघुचित्रपरंपरेची रेषा आणि सपाट, तेजस्वी रंग यांचा अभ्यास चाले. पळशीकरांनी दोन्हींकडून घेतले. १९४७ साली, वयाच्या तिशीत, त्यांनी पदविका मिळवली आणि ते तेथेच अध्यापन करू लागले.

त्यांच्या चित्रांना अतिवास्तववादी म्हणण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या जगापलीकडचे काही त्यांना रंगवायचे होते हे खरे. परंतु १९२४ साली आंद्रे ब्रेताँने पॅरिसमध्ये ज्या चळवळीचा जाहीरनामा काढला, तिच्यामागे महायुद्धाने उद्ध्वस्त झालेला युरोप आणि फ्रॉइडचे मानसशास्त्र होते. पळशीकरांची ओढ भारतीय तत्त्वचिंतनाकडे आणि तांत्रिक प्रतीकांकडे होती. दोघांचीही वाट आत जाणारी. पण एकाला तेथे दडपलेल्या वासनांचा कल्लोळ सापडला, दुसरा तेथे स्थैर्य शोधीत होता. हा भेद नजरेआड करून लावलेली चिठ्ठी समीक्षकांच्या सोयीची असेल, चित्रांना ती न्याय देत नाही.

त्यांचे खरे मोठेपण मात्र वर्गात दिसते. अकबर पदमसी, नेपाळमधून आलेले लक्ष्मण श्रेष्ठ आणि प्रभाकर कोलते हे त्यांचे विद्यार्थी. पदमसींची धीरगंभीर मनुष्याकृती, श्रेष्ठांचे पर्वतप्राय अमूर्त रंगपट आणि कोलते यांच्या रंगथरांतून डोकावणारे आकार शेजारी ठेवून पाहावेत. तिघांत परस्परसाम्य नाही आणि गुरूच्या शैलीची नक्कल तर मुळीच नाही. आपल्यासारखे चित्र काढणारे दहा शिष्य तयार करणे कोणत्याही कुशल चित्रकाराला जमते. शिष्याला त्याचा स्वतःचा हात सापडेपर्यंत थांबणे त्याहून कितीतरी अवघड, आणि ते करणाऱ्याला आपल्या कुंचल्यासाठी राखलेला वेळ खर्ची घालावा लागतो. १९६८ ते १९७५ या काळात पळशीकर संस्थेचे अधिष्ठाता होते; चित्रकाराच्या उमेदीच्या वर्षांतले तास त्या पदाच्या फायलींनीही घेतलेच असणार. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

अर्थशास्त्रात एकाच्या कष्टाचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडते तेव्हा त्याला बाह्य लाभ म्हणतात. बाजार अशा कष्टाची किंमत देत नाही, म्हणून ती समाजाने द्यावयाची असते. आपण ती कशी दिली? सरकारी कला महाविद्यालयांतील अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहिल्या आणि शिकवण्याचे काम कंत्राटी नेमणुकांवर भागवले गेले. दरवर्षी मुदत संपणाऱ्या शिक्षकाकडून विद्यार्थ्यासाठी थांबण्याची अपेक्षा कशी करावी? २०२३ साली ज. जी. संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पण साकोलीत किंवा अर्जुनीत रेखाकलेच्या शासकीय परीक्षेला बसणाऱ्या मुलासाठी कलाशिक्षणाची सर्वांत जवळची सरकारी वाट आजही नागपूरलाच जाते, आणि साकोलीपासून ती सुमारे शंभर किलोमीटरची आहे.