पोरांच्या जेवणासाठी बायकोचं मंगळसूत्रही गेलं, पण भाऊराव पाटलांनी बोर्डिंग चालूच ठेवलं

फी माफ झाली, तरी दोन वेळच्या जेवणाचं काय? गावातून शिकायला आलेल्या पोरांचा हा प्रश्न कर्मवीर भाऊराव पाटलांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखला होता.

1887 साली कुंभोजमध्ये जन्मलेल्या भाऊरावांनी किर्लोस्करांचे नांगर विकत गावं पालथी घातली. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची.

पोरं वाढत गेली, धान्य पुरेना. तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगसाठी एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1930 साली त्या गेल्या. बोर्डिंग मात्र थांबलं नाही.

1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. भाऊरावांचा मार्ग ठरलेला होता, 'कमवा आणि शिका'. पोरांनी शेतात, बांधकामावर राबायचं आणि त्यातून स्वतःचं जेवण, शिक्षण भागवायचं. म्हणजे कुणापुढे हात पसरायला नको.

9 मे 1959 रोजी भाऊराव गेले. पुणे विद्यापीठात त्यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आजही चालते. घरून मेसचे पैसे येत नाहीत, अशा पोरापोरींना तिचाच आधार असतो.