धुक्यात पतंग उडवणारा शास्त्रज्ञ

मित्रांनो, फ्लुईड मेकॅनिक्सच्या पुस्तकात टेलर हे नाव कितीतरी वेळा येतं. आपण ते व्हायव्हापुरतं पाठ करतो आणि विसरून जातो. पण हा माणूस होता तरी कोण?

जेफ्री इनग्रॅम टेलर यांचा जन्म ७ मार्च १८८६ रोजी लंडनमध्ये झाला. ज्यांच्या नावाचं बूलियन अल्जेब्रा आपल्याला डिजिटलच्या पेपरला छळतं, ते जॉर्ज बूल म्हणजे टेलर यांच्या आईचे वडील. थोडक्यात, गणित आजोळहूनच आलेलं! केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून ते हवामानशास्त्राकडे वळले.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडाली. सुमारे दीड हजार माणसं गेली. खरं तर त्या रात्री हवा स्वच्छ होती. पण न्यूफाउंडलंडजवळचा तो समुद्र दाट धुक्यासाठी बदनाम. स्वच्छ रात्री ही गत, तर धुक्यात काय होईल? म्हणून १९१३ मध्ये स्कॉशिया हे जुनं लाकडी जहाज हिमनगांवर नजर ठेवायला तिकडे गेलं आणि तरुण टेलर हवामानतज्ज्ञ म्हणून त्यावर होते.

त्यांनी जहाजावरून चक्क पतंग उडवले! पतंगाला तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी यंत्रं बांधलेली. एरवी वर जावं तशी हवा थंड होते. इथे उलटंच दिसलं, सर्वात थंड हवा पाण्यालगतची. मग इतर जहाजांच्या नोंदींवरून त्यांनी ती हवा कुठून आली याचा माग काढला. गरम, दमट हवा लॅब्राडोरच्या थंड प्रवाहावर येते, खालून गार होते आणि धुकं तयार होतं.

पण हवा तर उष्णतेची वाईट वाहक. मग थंडावा शेकडो मीटर वर पोचतो कसा? टेलर यांचं उत्तर होतं, हवेतले छोटे छोटे भोवरे तो वर नेतात, आणि तेही रेणूंच्या हजारो पट वेगाने. हे काम १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. टर्ब्युलन्सच्या अभ्यासाचा तो एक पाया ठरला.

पुढे त्यांनी बोटींसाठी नवा नांगर बनवला, धातू वाकतात का ते सांगितलं, आणि अणुस्फोटाच्या नुसत्या फोटोंवरून त्याची ऊर्जा काढून दाखवली. २७ जून १९७५ रोजी ते गेले.

आजही धुक्याचा अंदाज हवामान खात्याला सहज जमत नाही. वारा पूर्ण पडला तर नुसतं दव, जोरात आला तर धुकं विरून जातं, मंद असला तर मात्र रनवे दिसेनासा होतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यात दिल्ली विमानतळावर धुक्याचा खास अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यातही हवेतल्या भोवऱ्यांची मोजणी होतीच.

तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या धावपळीत टेलर हे नाव परत दिसलं, तर मिनिटभर थांबा. त्या फॉर्म्युल्यामागे एक थंडगार समुद्र आणि एक पतंग आहे!