गर्टी कोरी

गर्टी थेरेसा कोरी (माहेरचे आडनाव रॅडनिट्झ; १५ ऑगस्ट १८९६ – २६ ऑक्टोबर १९५७) या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

जीवन

त्यांचा जन्म प्राग येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ असून साखर शुद्धीकरण कारखान्यांचे व्यवस्थापक होते. प्रागच्या जर्मन विद्यापीठातून १९२० साली वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी सहाध्यायी कार्ल कोरी यांच्याशी विवाह केला. १९२२ मध्ये हे दांपत्य अमेरिकेतील बफेलो येथे गेले. तेथे पतीसोबतचे संशोधन न थांबवल्यास नोकरी जाईल, अशी ताकीद गर्टी यांना मिळाली. तरीही त्यांनी ते चालू ठेवले. १९३१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल विभागप्रमुख झाले, तर गर्टी यांना संशोधन सहायकाचे पद आणि पतीच्या सुमारे एक दशांश वेतन मिळाले. १९४७ साली त्या प्राध्यापक झाल्या.

संशोधन

स्नायूंतील ग्लायकोजेनपासून तयार होणारे लॅक्टेट रक्तावाटे यकृतात जाते, तेथे त्याचे ग्लुकोज बनते आणि ते पुन्हा स्नायूंना मिळते, हे या दांपत्याने १९२९ मध्ये मांडले. ही प्रक्रिया 'कोरी चक्र' म्हणून ओळखली जाते. अ‍ॅड्रेनलिनमुळे स्नायूंतील ग्लायकोजेन खर्च होऊन रक्तातील लॅक्टेट वाढते, हेही त्यांच्या प्रयोगांतून दिसले. ग्लायकोजेनच्या विघटनावरील संशोधनासाठी त्यांना १९४७ चे नोबेल बेर्नार्दो उसाय यांच्यासह विभागून मिळाले.

वैद्यकीय महत्त्व

मधुमेही कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये इन्सुलिनच्या अभावी कीटोन साठून रक्ताची आम्लता वाढते. अनेक रुग्णांत लॅक्टेटही वाढलेले आढळते. शरीरातील पाणी घटल्याने ऊतींना रक्त कमी पडणे, अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढणे आणि ग्लुकोजच्या चयापचयातील बिघाड ही त्याची कारणे होत. त्यामुळे वाढलेले लॅक्टेट म्हणजे नेहमीच ऑक्सिजनची कमतरता असे नसते. स्नायू आणि यकृत यांच्यातील ज्या देवाणघेवाणीवरून ही वाढ समजते, तिचा पाया कोरी दांपत्याच्या कार्याने घातला.

अखेर

नोबेल मिळाले त्याच वर्षी गर्टी यांना अस्थिमज्जेचा असाध्य विकार असल्याचे निदान झाले. पुढील दहा वर्षे वारंवार रक्त घ्यावे लागत असतानाही त्या प्रयोगशाळेत काम करत राहिल्या. ग्लायकोजेन साठण्याच्या एका आनुवंशिक विकाराला त्यांच्या स्मरणार्थ 'कोरी रोग' म्हणतात.