नियंत्रणे उठवणारा अन्नमंत्री

मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात थांबवण्यात आली, जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कांद्याची. दरम्यान गव्हाच्या व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादाही आली. अशा प्रत्येक निर्णयाच्या वेळी दोन ठरलेले युक्तिवाद ऐकू येतात. ग्राहकाला महागाईपासून वाचवणे हे सरकारचे आद्य कर्तव्य आहे, असे एक पक्ष म्हणतो. शेतकऱ्याला चार पैसे मिळण्याची वेळ आली की सरकार आडवे येते, असे दुसऱ्याचे म्हणणे असते. हा वाद नवा नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सात वर्षांत तो आजच्यापेक्षा अधिक तीव्रतेने झाला होता. त्या वेळी त्याला निर्णायक वळण देणारा मंत्री आज बहुतेकांना केवळ रस्त्याच्या नावावरून ठाऊक असतो. वडाळा-शिवडी भागातील रफी अहमद किडवई मार्गावरून रोज हजारो मुंबईकर जातात. याच माणसाच्या कारकिर्दीत देशातील धान्याच्या शिधावाटपाचे पहिले पर्व संपले, हे त्यांतील फार थोड्यांना माहीत असेल.

किडवई यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी संयुक्त प्रांतातील बाराबंकी जिल्ह्यात, मसौली या गावी झाला. घराणे अवधमधील जमीनदारांचे. बालपण बाराबंकीत वकिली करणारे चुलते विलायत अली यांच्या सहवासात गेले. अलीगढ येथून १९१८ मध्ये पदवी घेऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास आरंभला; परंतु असहकार आणि खिलाफतीच्या लाटेत तो सोडून ते तुरुंगात गेले. सुटकेनंतर ते मोतीलाल नेहरू यांचे खासगी सचिव झाले. १९२६ मध्ये केंद्रीय विधिमंडळावर निवडून आल्यावर स्वराज्य पक्षाचे प्रतोदपद त्यांच्याकडे आले. भाषणांची त्यांना आवड नव्हती. माणसे जोडणे, मते मोजणे आणि कोणाची अडचण नेमकी कोठे आहे हे ओळखणे, हे त्यांचे बलस्थान होते. पुढे अन्न खात्यात त्यांच्या उपयोगी पडले ते हेच.

शेतीच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध पुस्तकातून आला नाही. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले. खंड मात्र पूर्वीचाच राहिला. रायबरेली भागातील कुळांना तो भरणे अशक्य झाले, तेव्हा खंड न देण्याच्या चळवळीचे संघटन करणाऱ्यांत किडवई अग्रभागी होते. स्वतः जमीनदारांच्या घरातला हा माणूस कुळांच्या बाजूने उभा राहिला. १९३७ मध्ये गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळात महसूल खाते मिळाल्यावर त्यांनी नव्या कूळकायद्याची आखणी केली. १९३९ च्या त्या कायद्याने आग्रा आणि अवध या दोन्ही विभागांतील बहुसंख्य कुळांना वारसाहक्क मिळाला. जमीनदारी निर्मूलनाचा मार्ग तेथून सुरू झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

१९४६ मध्ये ते प्रांताचे गृहमंत्री आणि स्वातंत्र्यानंतर केंद्रात दळणवळण मंत्री झाले. १९४७ च्या दंगलीत मसुरी येथे त्यांचे बंधू शफी अहमद यांची हत्या झाली. तरीही त्यांच्या राजकारणात कटुता शिरली नाही. दळणवळण खात्यात त्यांनी रात्रीची विमानटपाल सुरू केली आणि ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेऊन दूरध्वनीचे जाळे वाढवण्याची योजना राबवली. १९५१ मध्ये पक्षांतर्गत मतभेदांमुळे ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले, काही काळ किसान मजदूर प्रजा पक्षात गेले आणि लवकरच परतले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, मे १९५२ मध्ये, जवाहरलाल नेहरू यांनी त्यांच्याकडे अन्न व कृषी खाते सोपवले. त्या काळी हे खाते म्हणजे मंत्र्याच्या कीर्तीची स्मशानभूमी मानली जात होती.

त्याला कारणेही होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतर शिधावाटप, सक्तीची धान्यवसुली व वाहतूकबंदी यांची व्यवस्था देशभर पसरली. १९४७ च्या अखेरीस, महात्मा गांधींच्या आग्रहानंतर, ही नियंत्रणे उठवण्यात आली. भाव भडकले आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा लादावी लागली. या अनुभवाने शासनयंत्रणेच्या मनात भीती बसली. १९५१ च्या आरंभी शहरातला शिधा माणशी रोज १२ औंसांवरून ९ औंसांवर, म्हणजे जेमतेम २५५ ग्रॅमवर, आणावा लागला. त्या वर्षी सुमारे ४८ लाख टन धान्य परदेशातून आले. अमेरिकेकडून १९ कोटी डॉलरचे गव्हाचे कर्ज घ्यावे लागले. अधिक धान्य पिकवण्याच्या मोहिमेला आठ वर्षे झाली होती. स्वयंपूर्णतेच्या घोषित मुदती एकामागून एक उलटल्या होत्या.

किडवई यांनी पदभार घेतल्यावर पहिली शंका घेतली ती तुटीच्या आकड्यांवरच. तुटीचे राज्य केंद्राकडून अधिक धान्य मिळावे म्हणून तूट फुगवून सांगे. शिलकीचे राज्य धान्य द्यावे लागू नये म्हणून शिल्लक लपवी. सक्तीची वसुली बाजारभावाहून कमी दराने होत असल्याने शेतकरीही धान्य घरात दडवी किंवा रातोरात जिल्ह्याची सीमा ओलांडून विकी. या सगळ्याची बेरीज दिल्लीत राष्ट्रीय तूट म्हणून मांडली जात असे. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत एका जिल्ह्यातील पुरवठ्याचे काम माझ्याकडे होते. प्रत्येक तालुक्याची मागणी गरजेहून वाढवून आलेली असे. वरून कपात होणार हे गृहीत धरलेले असे, आणि मीही जिल्ह्याचा आकडा त्याच हिशेबाने वर पाठवी. त्यामुळे किडवई यांची शंका मला कधी पुस्तकी वाटली नाही. टंचाई खरी होती. पण तिचा किती भाग शेतात होता आणि किती कागदावर, हे नियंत्रणे कायम ठेवून कळणे शक्य नव्हते.

जून १९५२ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नियंत्रणे उठवण्याचे धाडस केले. किडवई त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि केंद्रीय साठ्यातून मदत देण्याची तयारी ठेवली. दुकानांत दडलेला तांदूळ दिसू लागला. मग एकेका राज्यात, एकेका धान्यात तोच प्रयोग झाला. प्रथम ज्वारी-बाजरीसारखी भरड धान्ये मोकळी झाली, नंतर गहू आणि अखेरीस, जुलै १९५४ मध्ये, तांदूळ. नियोजन आयोगाचा कल याच्या विरुद्ध होता; नियंत्रणांवाचून नियोजन कसे चालेल, असा त्याचा प्रश्न होता. डिसेंबर १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या योजनेतही नियंत्रणे टिकवण्याचाच पुरस्कार आहे. किडवई यांनी या सिद्धान्ताशी वाद घालण्यात वेळ दवडला नाही. एका ठिकाणी बंधन सैल करायचे, भावाकडे लक्ष ठेवायचे आणि भाव स्थिरावला की पुढचे पाऊल टाकायचे, ही त्यांची रीत होती.

१९४७ चा प्रयोग फसला आणि हा टिकला, यातील फरक नीट पाहिला पाहिजे. किडवई यांनी बाजार मोकळा केला, पण सरकारला बाजारातून बाहेर काढले नाही. स्वस्त धान्य दुकाने चालू राहिली. भाव चढू लागताच सरकारी गोदामे उघडली जात. १९५४ मध्ये ब्रह्मदेशाशी नऊ लाख टन तांदळाच्या खरेदीचा करार झाला, तोही मुख्यतः हाताशी साठा असावा म्हणून. सरकारपाशी धान्य आहे आणि ते विकायला सरकार कचरणार नाही, हे कळल्यावर साठेबाजाला साठा करण्यात लाभ उरत नाही. छापे आणि खटले यांनी जे साधले नव्हते, ते या साध्या समीकरणाने साधले.

उत्पादनाकडेही त्यांचे दुर्लक्ष नव्हते. उंच वाफ्यांवर रोपे, कमी बियाणे, ओळीत लावणी, कोळपणी आणि भरपूर खत ही भातशेतीची जपानी पद्धत बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात यशस्वी ठरली होती. तिच्या देशव्यापी प्रसाराची मोहीम १९५३ मध्ये हाती घेण्यात आली.

निसर्गाची साथ मिळाली, हेही प्रांजळपणे नमूद करावे लागेल. १९५१-५२ मध्ये अन्नधान्याचे उत्पादन सुमारे ५.२ कोटी टन होते. १९५३-५४ मध्ये ते सात कोटी टनांच्या घरात गेले. १९५४ मध्ये आयात सुमारे आठ लाख टनांवर उतरली. हे यश पावसाचे की धोरणाचे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पाऊस नसता तर प्रयोग बहुधा मोडला असता. पण १९५२ मध्ये पहिले पाऊल टाकताना पुढचे दोन हंगाम चांगले जातील, हे कोणालाच ठाऊक नव्हते. धोका पत्करला गेला तो त्या अनिश्चिततेत.

साखरेच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. उसाचा दर उतरवल्यावर उसाखालचे क्षेत्र आणि साखरेचे उत्पादन घटले, मागणी वाढली आणि परदेशातून साखर आणावी लागली. धान्यात शेतकऱ्याला मोकळीक देणाऱ्या मंत्र्याला उसात दराच्या कपातीचे परिणाम वेळीच दिसले नाहीत. शिवाय धान्याच्या मुबलकतेने दुसराच प्रश्न उभा केला. १९५४-५५ मध्ये भाव इतके घसरले की शेतकरी हवालदिल झाला. त्याला आधार देणारी सक्षम खरेदी यंत्रणा तेव्हा नव्हती. ग्राहकासाठी छत उभारले गेले होते. उत्पादकाच्या पायाखाली जोते नव्हते.

ते उभारायला किडवई यांना वेळ मिळाला नाही. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत एका सभेत बोलत असताना दम्याचा झटका आला आणि हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. वय साठ. त्यांचा एकुलता मुलगा लहानपणीच वारला होता. हाती आलेला पैसा गरजूंना वाटून टाकण्याची सवय असलेल्या या माणसामागे संपत्ती उरली नाही. उरले ते कर्ज आणि गावाकडचे मोडकळीस आलेले घर, अशी आठवण समकालीनांनी नोंदवली आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५६ मध्ये त्यांच्या नावे संशोधनासाठी पुरस्कार सुरू केला.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी अत्यावश्यक वस्तू कायदा झाला. १९५६ मध्ये अमेरिकेशी पी.एल. ४८० चा करार झाला, १९५७ मध्ये प्रांतबंदी नव्या रूपात परतली. हमीभाव सुचवणारा आयोग आणि अन्न महामंडळ यांना १९६५ उजाडावे लागले. १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने ताब्यात घेतला आणि वर्षभरात तो निर्णय मागे घेतला. २०२० चे कृषी कायदे बाजार मोकळा करण्यासाठी आले, पण हमीभावाचे काय, या प्रश्नाचे शेतकऱ्यांचे समाधान होईल असे उत्तर त्यांत नव्हते. पुढच्याच वर्षी ते रद्द झाले.

आज सुमारे ८१ कोटी लोकांना मोफत धान्य मिळते आणि उत्पादन १९५४ च्या कितीतरी पट आहे. तरीही भाव चढू लागताच निर्यातबंदी येते, आणि ती पुष्कळदा रातोरात येते. नाशिकच्या कांदा उत्पादकाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. किडवई यांच्या काळी साठा अपुरा होता, तरी त्यांनी सीमा बंद करण्याऐवजी गोदाम उघडण्याचा मार्ग निवडला. तो मार्ग सुरक्षित नव्हता आणि अपुराही होता, कारण भाव पडतात तेव्हा काय करायचे याची तरतूद त्यात नव्हती. ती तरतूद नंतर झाली, पण प्रामुख्याने गहू आणि तांदूळ यांच्यापुरती, आणि तीही निवडक राज्यांत. शेतकऱ्याला भाव चढतानाचा लाभ नाकारायचा असेल, तर भाव पडतानाची हानी शासनाने आपल्या शिरावर घेतली पाहिजे. ती घ्यायची नसेल, तर लाभाच्या आड येण्याचा अधिकारही सोडला पाहिजे. या दोहोंतील एक निवडणे किडवई यांच्यानंतर सात दशके लांबणीवर पडले आहे, आणि त्या विलंबाची किंमत प्रत्येक हंगामात शेतकरीच मोजतो आहे.